साउंडबार घेताना वॅट मोजू नका, शीन-काफ ऐका

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या कापडाच्या गावांत आता मोठ्या पडद्याचे टीव्ही घरोघरी दिसतात. पंचावन्न इंची, पासष्ट इंची. टीव्ही जसजसा पातळ होत गेला तसतसा त्याचा आवाजही पातळ होत गेला, हे मात्र तो भिंतीवर लागल्यानंतरच कळते. त्याचे स्पीकर खालच्या अंगाला किंवा पाठीमागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. चित्र स्वच्छ, पण बोलणे गुळगुळीत. मग दुकानदार सांगतो, साहेब, सोबत साउंडबार घ्या. साधा बार पाच-दहा हजारांत मिळतो. उंची माल म्हणाल तर साठ-सत्तर हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जातो. ही रक्कम मागवाल्याच्या किंवा छोट्या व्यापाऱ्याच्या घरात लहान नाही. म्हणूनच हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत. आमच्या घरी असा एक उंची बार दोन वर्षांपासून आहे. तो कोणत्या कंपनीचा हे सांगत नाही, कारण ही जाहिरात नव्हे.

साउंडबार म्हणजे एका लांब पेटीत ओळीने बसवलेले अनेक लहान स्पीकर. कल्पना फार नवी नाही. यामाहा या जपानी कंपनीने २००४-०५ च्या सुमारास एकाच पेटीत चाळीस छोटे आणि दोन मोठे स्पीकर बसवून आवाजाचे झोत भिंतींवर टाकण्याचे यंत्र बाजारात आणले होते. भिंतीवरून परतलेला आवाज कानाला बाजूने आल्यासारखा वाटतो, इतकीच ती युक्ती. पुढे २०१२ मध्ये डॉल्बी कंपनीने सिनेमागृहांसाठी अ‍ॅटमॉस ही पद्धत आणली, २०१४ पासून ती घरगुती यंत्रांत आली, आणि भिंतींच्या जोडीला छतही कामाला लागले. आजच्या उंची बारमध्ये काही स्पीकर आकाशाकडे तोंड करून असतात. त्यांचा आवाज छताला लागून खाली येतो आणि पाऊस डोक्यावर पडतो आहे असे वाटते.

खोक्यावर ५.१.४ किंवा ११.१.४ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या वाहिन्यांचा, दुसरा जड आवाजाच्या पेटीचा म्हणजे सबवूफरचा, तिसरा छताकडच्या स्पीकरांचा. आकडा मोठा म्हणजे माल चांगला असे मात्र नाही. कापडाचा काउंट सांगून कोणी गिऱ्हाइकाला गप्प करू पाहिले तर आपण काय करतो? ताका उलगडून हाताला घेऊन बघतो. इथेही तेच करावे. वॅटच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'एक हजार वॅट पीएमपीओ' अशी चिठ्ठी चिकटवलेली असे, हे आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल. तो आकडा क्षणभराच्या उसळीचाही नसे, निव्वळ विक्रीचा असे. आता ती चिठ्ठी गेली, पण सर्व स्पीकरांची बेरीज करून सांगायची सवय गेलेली नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. तेव्हा चारशे आणि सहाशे वॅट यांच्यात कान फारसा फरक करीत नाही.

आता आमच्या मते जी मुख्य गोष्ट आहे तिच्याकडे येतो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. ती धोट्याच्या मागावर पाळली जाते असे कोणी मागवाला शपथेवर सांगणार नाही. अशा आवाजात वर्षानुवर्षे उभे राहिले की कानाची शक्ती जाते, पण ती सरसकट जात नाही. प्रथम चार हजार हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे उंच पट्टीचा भाग मरतो. माणसाच्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ, ख, थ यांची सळसळ वरच्या पट्टीत. त्यामुळे मागवाल्याला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. घरातले म्हणतात, अब्बांना ऐकू येत नाही. अब्बा म्हणतात, मला सगळे ऐकू येते, तुम्हीच तोंडात बोलता. दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

आमच्या थोरल्या बंधूंनी तीस वर्षे माग चालवले. ते टीव्हीचा आवाज इतका वाढवीत की मुलांना दुसऱ्या खोलीत अभ्यास करणे मुश्किल होई. आवाज वाढवल्याने स्वर वाढतात, स आणि श जिथल्या तिथेच राहतात. बार आणला तेव्हा आम्ही छतावरच्या पावसासाठी आणला नव्हता, भाईजानसाठी आणला होता. ज्या बारमध्ये मधोमध बोलण्यासाठी वेगळी वाहिनी असते, त्यात पार्श्वसंगीत बाजूच्या स्पीकरांकडे जाते आणि संवाद मधल्या स्पीकरातून सरळ समोर येतात. शिवाय रिमोटवर बोलणे स्पष्ट करण्याचे एक बटण असते, कोणी त्याला व्हॉइस म्हणतो, कोणी डायलॉग. ते दाबले की उंच पट्टी उचलली जाते. आमच्या घरी आता आवाज पूर्वीच्या निम्म्यावर असतो आणि भाईजान बातम्या शब्दन् शब्द सांगतात, त्यावर वादही घालतात.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. सीन आणि शीन, छोटा काफ आणि बडा काफ यांत गफलत झाली की उस्ताद छडी उचलीत. उच्चार स्वच्छ असणाऱ्या माणसाला उर्दूत म्हणतात, त्याचे शीन-काफ दुरुस्त आहेत. साउंडबारची परीक्षा याच कसोटीवर घ्यावी असे आमचे मत आहे. दुकानात विक्रेता हेलिकॉप्टर आणि स्फोट ऐकवतो. त्याला ते बंद करायला सांगावे. बातम्या लावाव्यात, एखादी तकरीर किंवा नाटक लावावे, आवाज कमी करीत न्यावा आणि कुठपर्यंत सीन-शीन वेगळे कळतात ते पाहावे. घरातल्या ज्या बुजुर्गासाठी बार घ्यायचा त्यालाच दुकानात न्यावे. एवढ्याच कामासाठी हवा असेल तर लाखाचा माल लागत नाही, ३.१ चा चांगला बार वीस-पंचवीस हजारांत हे काम करतो. आणि बार हा कानाचा इलाज नव्हे. सरकारी इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागात कानाची तपासणी आधी करून घ्यावी.

लाखाच्या बारचे पैसे जिथे वसूल होतात किंवा वाया जातात ती जागा म्हणजे आपली खोली. छतावरून आवाज परतायचा तर छत सपाट आणि कडक पाहिजे, उंची साधारण आठ ते बारा फूट. चौदा फुटांपुढे परिणाम विरून जातो. आपल्याकडची कितीतरी घरे पत्र्याची, उतरत्या कौलांची किंवा माळ्याची. पत्र्याला जड आवाज लागला की पत्राच वाजू लागतो. अशा घरात छताच्या स्पीकरांचे पैसे देणे म्हणजे छत्री घेऊन बोगद्यात चालणे. तीच गोष्ट बाजूच्या भिंतींची. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडा जिना असेल तर डावा आवाज येतो, उजवा जिन्यावरून खाली उतरून जातो.

इथे आमच्या धंद्यातले थोडे सांगू द्या. कापड आवाज पिते. जाड पडदा, सतरंजी, गादी हे उंच पट्टीचा आवाज शोषतात. नुसत्या फरशीच्या आणि रंग दिलेल्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवून पाहा, घुमते. त्या घुमण्यात महागडा बारही हरवतो. म्हणून बार आणि बैठक यांच्यामध्ये सतरंजी किंवा गालिचा टाकावा, मागच्या भिंतीला पडदा लावावा. पण भिंतींवर झोत टाकणारा बार असेल तर दोन्ही बाजूंच्या भिंती मोकळ्या ठेवाव्यात, नाहीतर झोत पडद्यातच मुरेल. बारच्या तोंडावरची जाळी पॉलिएस्टरची, विरळ विणीची असते, ती आवाज जाऊ देते. आमच्या एका नातलगाच्या घरी सूनबाईंनी धूळ बसू नये म्हणून बारला भरतकामाचे सुंदर झाकण शिवले होते. त्यातून बेस तेवढा बाहेर येई.

तारेकडेही पाहून घ्यावे. टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयच्या ज्या भोकापाशी एआरसी किंवा ईएआरसी लिहिले असेल, तिथेच बार जोडायचा. एआरसीतून ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस आवाज जातो. ब्लू-रे तबकडीचा पूर्ण, न दाबलेला आवाज हवा असेल तर ईएआरसी लागते. जुन्या ऑप्टिकल तारेतून अ‍ॅटमॉस जातच नाही. पाच हजारांची सोन्याचा मुलामा दिलेली तार घेण्याची गरज नाही. आणि वायरलेस शब्दाने फसू नये. मागचे स्पीकर आणि सबवूफर बिनतारी असले तरी प्रत्येकाला विजेचा वेगळा प्लग लागतो.

संगीताबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय या पानाचा नाही. जे गझल, कव्वाली ऐकतात त्यांच्यासाठी लिहितो. बारची लांबी तीन-चार फूट, म्हणजे डावा-उजवा भेद आखूड. तेवढ्याच पैशांत दोन वेगळे चांगले स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर गाण्यासाठी तो बारपेक्षा सरस ठरतो. फक्त त्याला जागा लागते, तारा लागतात आणि घरातल्या मंडळींची परवानगी लागते. बेगम अख्तर यांच्यासारख्यांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरचे मुद्रण तर एकाच वाहिनीचे. बार त्याला ओढून-ताणून चहूबाजूंनी पसरवतो आणि गळा मधून नाहीसा होतो. जुने ऐकताना ती सोय बंद करून साधा स्टीरिओ ठेवावा. बायांचा घुमारा मात्र सबवूफरशिवाय येत नाही, हे कबूल.

आता पैशांचे. 'नो कॉस्ट ईएमआय' हा शब्द प्रत्येक दुकानात ऐकू येतो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी चीज मुळात अस्तित्वातच नसते. हिशेब सोपा आहे. समजा बारची छापील किंमत ९०,००० आणि रोख दिल्यास ८४,०००. हप्त्याने साडेसात हजारांचे बारा हप्ते, म्हणजे ९०,०००. मधले ६,००० हे व्याजच आहे, फक्त दुकानदाराने सोडलेल्या सवलतीच्या बुरख्यात. क्रेडिट कार्ड असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,०८०, आणि प्रक्रिया शुल्क निराळे. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बंधूंनी पावतीवर व्याजाची ओळ आहे की नाही ते स्वतः वाचावे, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. दुकानदाराशी थेट, बँक मध्ये न घेता तीन-चार महिन्यांची उधारी ठरत असेल तर ती वेगळी गोष्ट. आपल्या धंद्यात तशी उधारी रोजच चालते.

बिल दुकानाच्या नावावर फाडून जीएसटीचा परतावा घ्यावा, असाही सल्ला काही जण देतात. ८४,००० च्या बिलात सुमारे १२,८०० रुपये कर असतो, त्यामुळे मोह होतो. पण वस्तू घरच्या वापराची असेल तर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे हे क्रेडिट मिळत नाही. बार घरातल्या टीव्हीखाली आणि बिल पेढीच्या वहीत, हे नोटीस ओढवून घेण्याचे काम आहे.

आखातातून येणारे भाऊ-भाचे पूर्वी टू-इन-वन आणत, आता बार आणतात. दुबईतली वीज आपल्यासारखीच, फक्त प्लग बदलावा लागतो. परंतु तिथल्या मालाची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही, आणि हा माल दुरुस्त करणे टेपसारखे सोपे नाही. पट्टा बदलला, हेड पुसले, झाले, असे आता नाही. हा बार म्हणजे आतून संगणकच. सॅमसंगच्या एचडब्ल्यू-क्यू९९०डी या बारमध्ये मार्च २०२५ मध्ये कंपनीनेच धाडलेला एक अपडेट उतरला आणि चांगले चालणारे अनेक बार जागच्या जागी मुके झाले. कंपनीने ते विनामूल्य दुरुस्त करून दिले, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. सोनॉस कंपनीने मे २०२४ मध्ये नवे मोबाइल अ‍ॅप आणले, त्यात आधीच्या कितीतरी सोयीच गायब झाल्या. गिऱ्हाइकांचा संताप इतका झाला की जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना जावे लागले. तेव्हा घेण्याआधी विचारावे : अ‍ॅपशिवाय, नुसत्या रिमोटवर हा बार किती काम करतो? वॉरंटीनंतर आतला बोर्ड आपल्या जिल्ह्यात मिळतो का? अपडेट आपोआप उतरण्याची सोय बंद करता येते का? ज्या दुकानदाराला या तिन्हींची उत्तरे देता येत नाहीत त्याच्याकडे फक्त किंमत विचारून पुढच्या दुकानात जावे.

सबवूफरबद्दल एक सांगायचे राहिले. चाळीस हर्ट्झच्या जड आवाजाची लाट सुमारे अठ्ठावीस फूट लांब असते. ती विटांच्या भिंतीला जुमानत नाही, स्लॅबमधून सरळ खालच्या बिऱ्हाडात उतरते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. शेजाऱ्याचा हक्क त्याआधीचा आहे. पेटी कोपऱ्यात ठेवू नये, कोपरा आवाज फुगवतो. तिच्याखाली जाड रबर घालावे आणि इशानंतर रिमोटवरचे नाइट बटण दाबावे. त्याने धडधड कमी होते आणि बोलणे तसेच राहते. आमच्या खालच्या मजल्यावर पहाटेच्या पाळीला जाणारा एक मागवाला राहतो. गेली दोन वर्षे त्याची तक्रार आलेली नाही.