पिल्लांना ऊब हवी, कोंडवाडा नको

खुडूक बसलेल्या कोंबडीखालून पिल्लू दिवसातून कितीतरी वेळा बाहेर पडतं, दाणा टिपतं, पाणी पितं आणि गारठलं की पुन्हा पंखांखाली शिरतं. घरी ब्रूडर, म्हणजे पिल्लांसाठी उबेचं खोकं, करणारे नेमकं हेच विसरतात. ‘जितकी ऊब जास्त, तितकी पिल्लं सुखी’ असं म्हणून खोकं चहूबाजूंनी बंद केलं जातं. मग उकडायला लागल्यावर पिल्लानं जावं कुठे?

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, सुमारे 35 अंश सेल्सियस पुरतात. पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करायचे. दिवा मात्र एका कडेला टांगावा, म्हणजे दुसरं टोक गार राहतं. वर झाकण नको, जाळी टाका. तापमापी नसला तरी अडत नाही. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढून कलकलाट करत असतील तर थंडी वाजतेय. चोची उघड्या टाकून दिव्यापासून लांब पळाली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला दबून बसली असतील तर वाऱ्याचा झोत शोधा. खोकंभर पसरून निवांत असतील, तर तुम्हीही झोपायला जा.

दिवा कुठलाही चालत नाही, हे सांगायची वेळ अलीकडे आली. एलईडीचा उजेड पडतो, ऊब जवळजवळ नाहीच. तारेचा जुना पिवळा बल्बच हवा.

‘निघाल्या निघाल्या भरवलं नाही तर मरतात’ ही भीतीही फोल. अंड्यातला बलक पोटात ओढून घेऊनच पिल्लू बाहेर येतं, त्यावर ते दोन दिवस तग धरतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं भोकांच्या खोक्यांतून दूरवर पाठवता येतात. पण घरी आल्यावर आधी पाणी, मग दाणा. दाणा म्हणजे नुसती तांदळाची कणी नव्हे. तिच्यात प्रथिनं फार कमी. सुमारे 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर खाद्य द्यावं.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको. पाय घसरून फाकतात, मग पिल्लू उभंच राहू शकत नाही. भाताचं तूस उत्तम.

राहिली लस. ‘घरच्या दहा पिल्लांना कशाला?’ असं म्हणणाऱ्यांचं खुराडं राणीखेत रोगानं रिकामं होऊ शकतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. कुपी शेकडो पिल्लांना पुरणारी असते आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. तेव्हा शेजारच्या चार घरांची पिल्लं जमवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.