‘पाय गेले!’ म्हणजे नक्की काय? गप्पांमधून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा



पीएचडीची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीचा परवा फोन आला. म्हणाली, “विषय पक्का आहे गं, पण गाईड म्हणतात यात प्रश्नच नाही.” मला हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी ऐकलं होतं. विषय आणि प्रश्न यांच्यात काय फरक असतो, हे मला पुस्तकातून कळलं नाही. ते कळलं एका जिममध्ये, तेही अशा खेळाबद्दलच्या गप्पांमधून जो मी आधी कधी पाहिलाही नव्हता. आजचा लेख त्याबद्दल.

मी आयर्लंडमध्ये, लिमरिक शहरात राहते. गेलिक खेळांचे चाहते खेळाडूंच्या फिटनेसबद्दल जे बोलतात, ते माझ्या संशोधनाचं क्षेत्र आहे.

आधी खेळाची तोंडओळख

गेलिक खेळ म्हणजे मुख्यतः दोन: हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. हर्लिंगमध्ये लाकडी काठी (हर्ली) आणि लहान कडक चेंडू (स्लिटर) असतो. गेलिक फुटबॉलमध्ये हात आणि पाय दोन्ही चालतात. दोन्हींत एका बाजूला 15 खेळाडू. हर्लिंगमध्ये चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण; आडव्या दांडीवरून गेला तर 1 गुण. म्हणून स्कोअर 3-27 असा लिहितात: 3 गोल आणि 27 पॉइंट, एकूण 36.

हे खेळ चालवणारी संस्था, जीएए, 1884 साली थर्लस गावात स्थापन झाली. दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये 82 हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस काही दिवसांनी पुन्हा शाळेत शिकवायला जातो किंवा गोठ्यात गाई बघतो. दोन, साधारणपणे माणूस आपल्याच गावच्या क्लबकडून आणि आपल्याच काउंटीकडून खेळतो. म्हणजे चाहता ज्याच्याबद्दल बोलतो तो टीव्हीवरचा कुणी परका नसतो, शेजारच्या घरातला असतो.

जिममधल्या गप्पा

पहिल्या हिवाळ्यात मी पाठदुखीसाठी जिम लावली. सकाळी सातला तिथे ठरलेली मंडळी असायची. निवृत्त झालेले, रात्रपाळी संपवून आलेले, कोपऱ्यात स्क्वॉट मारणारी पोरं. व्यायाम कमी, हर्लिंग जास्त. आणि गप्पांत काही शब्द सारखे यायचे. अमक्याचं ‘इंजिन’ जबरदस्त आहे. तमक्याचे ‘पाय गेले’. तो नवा पोरगा चांगला आहे, पण अजून अंग भरायला हवं. पूर्वीच्या लोकांकडे शेतात कमावलेली ताकद होती, आताची जिमची ताकद दिखाऊ. यावर दुसरा म्हणणार, जिम नसती तर लिमरिक जिंकलंच नसतं.

मला वाटलं, सापडला विषय! मी प्रस्ताव लिहिला: लिमरिकच्या यशात फिटनेसचा वाटा, चाहत्यांच्या नजरेतून. गाईडनी तो परत दिला. शेवटी पेन्सिलने एकच ओळ होती: “हे चूक आहे असं तुला कशामुळे पटेल?”

दोन दिवस मी रागात होते. मग उत्तर शोधायला बसले आणि सापडेना.

तीन सामने, एकच कारण

तुम्हीही बसा माझ्याबरोबर.

2018 चा हर्लिंगचा अंतिम सामना. लिमरिक 3-16, गॉलवे 2-18. म्हणजे 25 विरुद्ध 24. लिमरिक 1973 नंतर पहिल्यांदा, 45 वर्षांनी जिंकलं. पुढे 2020 ते 2023 सलग चार वेळा जिंकलं. चाहत्यांचं कारण: ताकद आणि फिटनेस. पण 2018 मध्ये फरक एका गुणाचा होता. गॉलवेचा शेवटचा लांबचा फटका लिमरिकच्या गोलसमोर पडला आणि बचाव करणाऱ्याने तो झेलला. तो निसटला असता तर? तेवढाच घाम गाळलेल्या त्याच खेळाडूंबद्दल जिममध्ये वेगळंच कारण ऐकू आलं असतं.

आता जून 2025. उपांत्यपूर्व फेरीत डब्लिन 2-24, लिमरिक 0-28. डब्लिनचा एक खेळाडू पहिल्याच अर्धात लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता. चौदा जणांनी पंधरा जणांना दोन गुणांनी हरवलं. जिममधलं कारण: लिमरिकचे पाय गेले.

पुढच्या महिन्यातला अंतिम सामना. मध्यंतराला कॉर्क 1-16, टिपरेरी 0-13. कॉर्क सहा गुणांनी पुढे. संपताना टिपरेरी 3-27, कॉर्क 1-18. दुसऱ्या अर्धात कॉर्कने फक्त दोन गुण मिळवले, टिपरेरीने तेवीस! जिममधलं कारण सांगायलाच नको: कॉर्कचे पाय गेले. पण त्याच अर्धात कॉर्कचा एक खेळाडू बाहेर गेला, त्यांची पेनल्टी अडवली गेली आणि टिपरेरीने बचावात मागे एक जादा माणूस ठेवला होता. यातल्या कशाचा परिणाम किती? आणि डब्लिनचाही एक माणूस कमी होताच की, मग त्यांचे पाय का गेले नाहीत?

जिंकले तर फिट, हरले तर अनफिट. निकाल आधी आला आणि कारण त्याच्या मागून चिकटवलं गेलं. जे स्पष्टीकरण कुठल्याही निकालाला बसतं, ते कुठल्याच निकालाबद्दल काही सांगत नाही. कार्ल पॉपरचं नाव तुम्ही पद्धतीशास्त्राच्या पेपरसाठी पाठ केलं असेल. त्याचं म्हणणं साधारण हेच आहे: कोणत्या परिस्थितीत आपण चुकीचे ठरू, हे सांगता आलं पाहिजे. माझ्या प्रस्तावात ते नव्हतं.

शब्द फोडा

मग मी ‘फिटनेस’ हा शब्द घेऊन बसले. एका शब्दात किती गोष्टी कोंबल्यात ते बघा:

• दम: बराच वेळ पळत राहण्याची क्षमता.
• पुन्हा पुन्हा जोरात धावून लगेच सावरण्याची क्षमता.
• ताकद: धक्का देणं, धक्का सोसणं.
• ताजेपणा: कालच्या सरावाचा थकवा आज किती उरला आहे.
• दिसणं: दंड, छाती, जर्सी किती घट्ट बसते.

चाहता पाचवी गोष्ट पाहतो आणि पहिल्या चारांबद्दल बोलतो. संशोधकाने असं करून चालत नाही. त्याला कार्यकारी व्याख्या द्यावी लागते, म्हणजे ‘मी फिटनेस म्हणतेय तेव्हा अमुक मोजतेय’ असं सांगावं लागतं. दुसऱ्या मुद्द्यासाठी यो-यो टेस्ट आहे. भारतीय क्रिकेटमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. इकडेही तीच चाचणी वापरतात: 20 मीटर जा, 20 मीटर परत या, थोडी विश्रांती, आणि दर टप्प्याला वेग वाढतो. सामन्यातल्या धावण्यासाठी जीपीएस. दोन खांद्यांच्या मधोमध छोटं यंत्र बसवलेला बनियन खेळाडू जर्सीखाली घालतात. त्यावरून कळतं की काउंटी पातळीच्या हर्लिंग सामन्यात खेळाडू सरासरी साडेसात किलोमीटरच्या आसपास पळतो.

पण थांबा, इथेही खड्डा आहे. समजा दुसऱ्या अर्धात एखाद्याचं धावणं कमी झालं. तो दमला म्हणायचं? कदाचित संघ बराच पुढे असेल आणि पळायची गरजच नसेल. कदाचित चेंडू त्याच्या बाजूला आलाच नसेल, किंवा खेळ जास्त वेळा थांबला असेल. यंत्राने मोजलं अंतर, आपण वाचला थकवा. मोजलेली गोष्ट आणि आपल्याला हवी असलेली गोष्ट यांच्यातली ही फट म्हणजेच वैधतेचा प्रश्न. आकडा हातात आला की ही फट दिसेनाशी होते, म्हणून उलट जास्त जपायचं.

मग माझा प्रश्न कोणता?

इथे मला दोन रस्ते दिसले. एक, खेळाडूंच्या शरीराबद्दलचा प्रश्न: थकव्यामुळे दुसऱ्या अर्धात फटक्यांची अचूकता कमी होते का? त्याला यंत्रं, चाचण्या, शरीरशास्त्र लागतं. दुसरा, बोलण्याबद्दलचा प्रश्न: चाहते ‘फिट नाही’ असं कधी म्हणतात, कुणाबद्दल म्हणतात, आणि तसं म्हणून काय साधतात? माझ्या पहिल्या प्रस्तावाची गफलत अशी की, मी दुसऱ्या प्रकारची माहिती गोळा करून पहिल्या प्रकारचं उत्तर देऊ पाहत होते. शंभर चाहत्यांनी ‘पाय गेले’ म्हटलं तरी पाय गेले हे सिद्ध होत नाही. शंभर जणांनी तसं म्हटलं, एवढंच सिद्ध होतं. पण तेवढंही कमी नाही!

कारण नीट ऐकल्यावर लक्षात आलं की ‘फिट नाही’ हे वाक्य बऱ्याचदा शरीराबद्दल नसतंच. ‘याने मेहनत केली नाही’ असा तो आरोप असतो. पगारी खेळाडूवर असा आरोप करणं वेगळं. इथे खेळाडूला पैसे मिळत नाहीत. ईएसआरआय या आयरिश संशोधन संस्थेचा 2018 चा अहवाल सांगतो की, काउंटी पातळीचे खेळाडू आठवड्याला 31 तासांपर्यंत वेळ खेळासाठी देतात, तेही नोकरी किंवा शिक्षण सांभाळून. त्यासाठी झोप आणि घरच्यांचा वेळ कापला जातो. अशा माणसाला ‘अनफिट’ म्हणणं म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवणं. माझा प्रश्न तिथे सापडला: ज्या खेळात पैसा नाही, तिथे फिटनेसच्या गप्पांमधून निष्ठेचा हिशोब कसा मांडला जातो?

आता याला मी चूक ठरू शकते. जर चाहते पगारी फुटबॉलपटूंबद्दल आणि गेलिक खेळाडूंबद्दल अगदी एकाच पद्धतीने बोलत असतील, तर माझं म्हणणं कोसळतं. पेन्सिलच्या त्या ओळीला उत्तर मिळालं.

माझी वही आणि तो मुलगा

एक चूक मात्र सांगायलाच हवी. प्रश्न सापडायच्या आधी, उत्साहाच्या भरात, मी जिममधल्या गप्पा घरी येऊन वहीत उतरवत होते. कुणाची परवानगी नाही, नैतिकता समितीची मंजुरी नाही. मनाशी म्हणायचे, नावं कुठे लिहितेय?

एका सकाळी दोघं जण एका तरुण खेळाडूबद्दल बोलत होते. हिवाळाभर खाल्लंय नुसतं, पळवत नाही पोराला, वगैरे. तो मुलगा मागेच बारबेलला वजनं लावत होता. त्यांना तो दिसला नव्हता. त्याने वजनं होती तशी काढली, जागेवर ठेवली, बार पुसला आणि निघून गेला. नंतर कळलं की मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दुखावल्यामुळे त्याला पळायला बंदी होती. गेलिक फुटबॉलमध्ये सगळ्यांत जास्त होणारी दुखापत हीच. वजनं उचलणं हा त्याच्या उपचाराचा भाग होता.

घरी येऊन वही उघडली. मी लिहिलं होतं: खेळण्याची जागा, वय, काय शिकतो, कुठल्या बाजूचा. नाव नव्हतं. पण या गावात कुणीही ते वाचून पाच सेकंदांत त्याचं नाव सांगितलं असतं. नाव खोडलं की ओळख पुसली जाते हा मोठ्या शहरातला भ्रम आहे. लहान गावात माणूस तपशिलांवरून ओळखला जातो. त्या दोघांनी त्याच्याबद्दल न विचारता बोलायचं ते बोलून घेतलं, आणि मीही तेच केलं होतं. मी ती पानं फाडली, गाईडना सगळं सांगितलं, आणि मंजुरी घेऊन, लेखी संमतीने मुलाखती करत पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. सात महिने गेले. ते वाया गेले असं मला वाटत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

विषय आहे पण प्रश्न नाही, अशा वेळी हे करून बघा:

1. तुमच्या विषयात सगळे बिनधास्त वापरतात असा एक शब्द निवडा. ‘जागरूकता’, ‘सक्षमीकरण’, ‘गुणवत्ता’, काहीही.
2. तो शब्द लोक कारण म्हणून वापरतात अशी तीन उदाहरणं लिहा. निकाल उलटा लागला असता तरी तेच कारण दिलं असतं का, ते तपासा.
3. शब्दाचे तुकडे करा. प्रत्येकासमोर लिहा: हे मोजता येईल का? मोजलं तर नक्की काय मोजलं जाईल?
4. ठरवा: तुमचा प्रश्न त्या गोष्टीबद्दल आहे की त्या गोष्टीबद्दलच्या बोलण्याबद्दल?
5. ‘मी चूक आहे हे मला कशामुळे पटेल?’ याचं एका वाक्यात उत्तर लिहा. येत नसेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर या.
6. आणि माहिती गोळा करण्याआधी विचारा: ज्याच्याबद्दल मी लिहिणार तो मागेच उभा असेल तर?

मैत्रिणीला मी फोनवर फक्त पाचवा मुद्दा सांगितला. ती दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, “ठेवते, लिहायला बसते.”

तो मुलगा अजून जिमला येतो. आता बारबेलच्या रांगेत आम्ही एकमेकांना मान हलवून ओळख देतो. त्याच्याबद्दल माझ्या प्रबंधात एक ओळही नाही, आणि ते तसंच राहणार आहे.

पुढच्या लेखात मुलाखतीचे प्रश्न कसे तयार करायचे ते बघू. तोवर लिहीत राहा.