आठ ध्वज आणि जन्माने ठरलेले आयुष्य

जन्मावरून काम नेमून देणारी व्यवस्था खालच्या माणसाला चिरडते, हे आपण जाणतो. ती वरच्या माणसालाही पंगू करते, याचा ठळक दाखला आम्हांस चीनच्या मांचू राज्यकर्त्यांच्या इतिहासात आढळतो.

चीनच्या ईशान्येकडील जुर्चेन टोळ्यांची नवी बांधणी नुरहाची या सरदाराने १६०१ पासून केली. सुमारे तीनशे लढवय्यांच्या तुकडीस ‘नीरू’, म्हणजे बाण, म्हणत. अशा अनेक तुकड्यांचा एक ध्वज होई. १६१५ मध्ये ध्वज आठ झाले : पिवळा, पांढरा, तांबडा, निळा आणि याच रंगांचे चार किनारीचे. ध्वज म्हणजे केवळ पलटण नव्हे. शिपायाचे कुटुंब, जमीन, वेतन, कज्जे, मुलींचे विवाह हे सारे ध्वजाच्या दप्तराच्या अखत्यारीत असे. नुरहाचीचा पुत्र हुंग ताईजी याने १६३५ मध्ये ‘मांचू’ हे नाव रूढ केले. मंगोल व चिनी लोकांचेही आठ-आठ ध्वज उभे राहिले. या रचनेत समता मात्र नव्हती. ‘बोई’ म्हणवले जाणारे घरचे दास पिढ्यान्‌पिढ्या दासच राहत.

१६४४ मध्ये मांचूंनी बीजिंग घेतले. शहराचा आतला भाग ध्वजांतील कुटुंबांसाठी राखला गेला. शीआन, हांगचौ, नानजिंग येथे तटबंदीच्या छावण्या बसल्या.

वेगळेपण जपण्यासाठी धर्मविधीही हाताशी होते. राजवाड्यातील खुननिंग महालात शामान स्त्रिया मांचू भाषेत स्तवने म्हणत आणि डुकराचा बळी दिला जाई. सकाळच्या विधीत शाक्यमुनी बुद्ध व क्वानयिन बोधिसत्त्व यांचीही पूजा होई. मात्र बळीपूर्वी त्यांच्या प्रतिमा बाजूला नेत. पुढे स्तवनांचे शब्द बिघडत चालले. तेव्हा १७४७ मध्ये छ्येनलुंग सम्राटाने हे विधी लिहून काढण्याचा हुकूम दिला.

शिपायाला चांदी व धान्य मिळे, पण शेती आणि व्यापार त्याला वर्ज्य होते. लोकसंख्या वाढली, जागा मात्र तेवढ्याच राहिल्या. एकाच्या वेतनावर मोठे घर चाले आणि कर्ज साचत जाई. १७५४ पासून मांचूंना जागा मिळाव्यात म्हणून छावण्यांतील चिनी ध्वजवाल्यांना बाहेर काढले गेले. ध्वज सोडून अन्यत्र पोट भरण्याची मुभा १८६५ मध्ये मिळाली. परंतु हातात दुसरे कसब नसलेला माणूस जाणार कोठे?

१९११ च्या क्रांतीत शीआनच्या छावणीत मांचूंची सरसकट कत्तल झाली. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी सम्राटाने राज्यत्याग केला. पुढे वेतने आटली आणि अनेकांनी चिनी आडनावे घेऊन आपली ओळख लपवली.

थोर कादंबरीकार लाओ श हे तांबड्या ध्वजातले. १९०० मध्ये परकीय सैन्याशी लढताना त्यांचे शिपाई वडील बीजिंगमध्ये मारले गेले. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवी. मुलगा शिकला, शिक्षक झाला आणि लेखक झाला. ध्वजाने त्याच्यासाठी एकच वाट आखली होती. शिक्षणाने त्याला दुसरी मिळाली.