भूकंप झाला तर उस्मानपुऱ्यात धावायचं कुठे?

२१ मार्च २०२४. रमजानचे दिवस. सहेरी आणि फजर आटोपून लोक जरा आडवे झाले होते. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. दहा-अकरा मिनिटांत दुसरा, ३.६ चा. नांदेड, परभणीतही भांडी वाजली, लोक घराबाहेर पळाले. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी हिंगोलीत पुन्हा ४.५ चा धक्का बसला.

मराठवाड्यात भूकंप कुठला, असं आपण म्हणतो. किल्लारीचे लोकही असंच म्हणायचे. त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वात कमी धोक्याचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची कितीतरी गावं काही सेकंदांत संपली. हजारो माणसं झोपेतच गेली. माणसं मेली ती घराखाली दबून. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, हे सगळं अंगावर आलं.

आपल्या घरांचं काय? आता स्लॅबची घरं आहेत, असं कुणी म्हणेल. पण २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप आठवा. अहमदाबाद तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तरी तिथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींत खाली पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. किल्लारीही आपल्यापासून साधारण तेवढंच दूर आहे. भूजचा भूकंप ७.७ चा, म्हणजे खूपच मोठा होता, हे खरं. पण खाली नुसते खांब आणि वर तीन-चार मजले, अशा इमारती आपल्याकडेही आहेत.

म्हणून पहिला प्रश्न : धक्का बसला तर धावायचं कुठे? उस्मानपुऱ्याच्या, पीर बाजारच्या गल्ल्या आठवून बघा. दोन्ही बाजूंना घरं, वर गॅलऱ्या, गच्चीच्या कठड्यावर कुंड्या, पत्र्यावर ठेवलेले दगड, विजेच्या तारा. घाबरून गल्लीत उतरलेला माणूस याच गोष्टींखाली सापडतो. जिन्यातली चेंगराचेंगरी वेगळीच.

धक्के सुरू असताना

- वरच्या मजल्यावर असाल तर पळू नका. जिना नाही, लिफ्ट तर मुळीच नाही. मजबूत टेबल किंवा दिवाणाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. तसं काही नसेल तर आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात बसा, डोक्यावर उशी घ्या.
- खिडकी, काच, कपाट आणि भांड्यांच्या मांडणीपासून दूर राहा.
- दगड-मातीचं किंवा पत्र्याचं घर आहे, दार दोन पावलांवर आहे आणि बाहेर मोकळी जागा आहे, तरच लगेच बाहेर पडा.
- मशिदीत असाल तर सगळ्यांनी एकदम दाराकडे धावू नका. झुंबर, पंखे आणि काचांखालून बाजूला व्हा. जीव वाचवण्यासाठी नमाज तोडायची मुभा शरीअतने दिली आहे. हे इमाम साहेबांनी जुम्म्याच्या बयानात एकदा सांगितलं तर फार बरं होईल.
- गाडीवर असाल तर पूल, झाड आणि विजेच्या खांबापासून दूर थांबा.

धक्के थांबल्यावर

चपला घाला, काचा पडलेल्या असतात. गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करा. गॅसचा वास आला तर काडी पेटवू नका, कुठलंही बटण दाबू नका, खिडक्या उघडून बाहेर पडा. मग सावकाश जिन्याने उतरून मोकळ्या मैदानात जा. नंतर छोटे धक्के येत राहतात, त्यामुळे तडे गेलेल्या घरात सामान आणायला परत जाऊ नका. मदतीसाठी ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

"आज रात्री मोठा भूकंप येणार" असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. भूकंपाची वेळ आधी सांगणारं यंत्र जगात कुठेच नाही. झालेल्या धक्क्याची माहिती दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र देतं, तीच बघा.

आजच करण्यासारखं

या रविवारी एक तास काढा. पलंगाशेजारचं लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने ठोकून घ्या. माळ्यावरची जड पातेली खाली आणा. गच्चीच्या कठड्यावरच्या कुंड्या उतरवा. घराजवळचं मोकळं मैदान कोणतं ते बघून ठेवा आणि सगळ्यांनी तिथेच भेटायचं, हे मुलांना सांगा. दादी-नानींना उठता येत नसेल तर त्यांना कोण सांभाळणार, हेही ठरवा. टॉर्च, पाणी, रोजची औषधं आणि आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

आणि घरावर आणखी एक मजला चढवायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला खालचे खांब दाखवा. मिस्त्री म्हणतो "चालतंय", तेवढ्यावर पोराबाळांना त्या छताखाली झोपवू नका.