माळ्यावरची बंदूक आणि भाचीची रायफल

"मामा, माळ्यावरची ती बंदूक अजून आहे ना?"

गेल्या भाऊबीजेला ताईकडे जेवायला बसलो होतो. भाचीनं हे विचारलं आणि श्रीखंड वाढता वाढता ताईचा हात थांबला. तिच्या डाव्या डोळ्याखाली, बोटभर अंतरावर, एक बारीक पांढरा व्रण आहे. तो कशाचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सहसा कोणी बोलत नाही.

१९९१ च्या उन्हाळ्याची गोष्ट. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या परसात मी बाबांची एअर रायफल घेऊन उभा होतो. वय वर्षं तेरा. हौदाच्या दगडी भिंतीला टेकवून एक डबा ठेवला होता. दोन छर्रे डब्याला लागले. तिसरा चुकला, दगडावर आपटला आणि परत आला. बाजूला ताई वाळवणातल्या कुरडया गोळा करत होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच वर लागला असता तर डोळा गेला असता. बाबा मला ओरडले नाहीत. त्यांनी बंदूक जुन्या धोतरात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवून दिली.

आता भाची पंधरा वर्षांची आहे. सुट्टीतल्या नेमबाजीच्या शिबिरात तिचा हात चांगला बसला आणि प्रशिक्षक म्हणाले, स्वतःची रायफल असेल तर सराव होईल. त्या दिवशी ताईनं पान वाढून होईपर्यंत काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "घ्या. पण नीट समजून घ्या. आपल्याला कोणी काही शिकवलं नव्हतं, हिला आधी सगळं शिकवायचं."

त्यानंतरचे दोन महिने मी आणि भाची जे शिकलो, ते इथे लिहितो आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आज असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे. आपल्या बडोदेकरांचा या खेळाशी जुना संबंधही आहे. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर, यांचा जन्म बडोद्याचा. देशभरातले नेमबाज ज्या मावळंकर स्पर्धेत उतरतात, ती त्यांच्याच नावाची.

नळी मोडणारीच का?

ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल १९८४ पासून आहे. आज तिथे जी रायफल दिसते, तिच्या नळकांड्यात आधीच दाबून भरलेली हवा असते. ती उडताना जवळजवळ हलत नाही. अभिनव बिंद्राचं २००८ चं बीजिंगमधलं सुवर्ण किंवा ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं २०२२ चं जागतिक विजेतेपद अशाच रायफलवरचं. पण अशी परदेशी मॅच रायफल लाखांत जाते, शिवाय हवा भरायची सोय लागते. मूल हा खेळ दोन वर्षं तरी धरून ठेवेल का, हे कळायच्या आधी एवढा खर्च बहुतेक घरांना परवडत नाही.

नळी मोडून भरायची रायफल साधी असते. नळी खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते. छर्रा घालून नळी बंद करायची. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, त्याच्यापुढची हवा एकदम दाबली जाते आणि छर्रा सुटतो. पंप नको, सिलिंडर नको. आमची भाची डावखुरी आहे, त्यामुळे आणखी एक सोय झाली. या रायफलचं सगळं यंत्र मधोमध असतं, म्हणून ती डाव्या हातालाही चालते. फक्त लाकडी दस्त्यावर गालासाठी उंचवटा असेल तर तो एकाच बाजूला तर नाही ना, हे पाहावं लागतं.

वेगाचा मोह

पहिल्याच दुकानात विक्रेत्यानं सगळ्यात मोठी रायफल काउंटरवर ठेवली. "बेन, आ तो बहु फास्ट छे!" बरोबर आलेल्या माझ्या मुलाचे डोळे चमकले. आम्ही तिथेच मोबाइलवर हिशेब केला. साडेचार मिलिमीटरच्या छर्‍याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम. तो सेकंदाला १८० मीटर वेगानं सुटला तर त्याची ऊर्जा सुमारे ८ ज्यूल होते. २८० मीटर वेगानं सुटला तर जवळजवळ २० ज्यूल. कायद्याची रेघही नेमकी तिथेच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. खरेदी मोठ्या माणसाच्या नावावर करावी, ओळखपत्र आणि पत्ता द्यावा आणि पक्की पावती जपून ठेवावी.

पण दहा मीटरवरच्या कागदाला ८ ज्यूल भरपूर झाले. जास्त वेगासाठी जास्त कडक स्प्रिंग लागते, आणि कडक स्प्रिंग दोन ठिकाणी त्रास देते. एक, नळी मोडायला जोर लागतो. दुसरं, दट्ट्या धावताना बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते, आणि बराचसा झटका छर्रा नळीत असतानाच बसतो. म्हणजे आपला नेम बरोबर असूनही छर्रा भरकटू शकतो. वेग जितका जास्त, तितकं हे सांभाळणं अवघड.

दुकानात काय पाहायचं?

पहिलं, नळी मोडून पाहा. एकदा नाही, लागोपाठ दहा वेळा. सरावाला चाळीस-पन्नास वेळा मोडायची असते. दहाव्या वेळी हात थरथरत असेल तर ती रायफल आपली नाही. छर्रा भरून नळी बंद होईपर्यंत एक हात नळीवर घट्ट ठेवायचाच. चाप चुकून सुटला तर नळी एकदम वर उसळते आणि बोटं चिरडू शकते. आणि छर्रा न घालता चाप कधी ओढायचा नाही. पुढे छर्‍याचा अडथळा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या जोरात आपटून आतून नुकसान होतं.

दुसरं, माप. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खळग्यात टेकवा. तर्जनी सहज चापापर्यंत पोचली पाहिजे. ताणावी लागली तर दस्ता लांब आहे. मग खांद्याला लावून नेम धरा आणि मनात तीसपर्यंत मोजा. पुढचं टोक आधीच खाली यायला लागलं तर वजन जास्त आहे.

तिसरं, नळीचा सांधा. बंद केलेली नळी हातानं आडवी हलवून पाहा, अजिबात खुळखुळता कामा नये. साध्या नेमाची पुढची आणि मागची खूण दोन्ही नळीवरच असतील तर थोडंफार निभावतं. पण वर दुर्बीण लावली की ती बसते मागच्या नळकांड्यावर. मग नळी दरवेळी केसभर वेगळी बसली तरी छर्रा वेगळीकडे जातो. शिवाय स्प्रिंगच्या दुहेरी झटक्यानं साधी दुर्बीण खराबही होते. शिकताना साधा नेमच बरा. आपल्याकडे साध्या नेमाच्या एअर रायफलची वेगळी स्पर्धाही होते.

चौथं, चाप. तो हलका असण्यापेक्षा दरवेळी एकाच जागी सुटणारा असावा. कधी लवकर, कधी उशिरा सुटणारा चाप हाताला वाईट सवय लावतो.

छर्रे चपट्या डोक्याचे घ्या, कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजणं सोपं जातं. दोन-तीन प्रकार थोडे थोडे आणा. एकाच रायफलला एक छर्रा मानवतो, दुसरा मानवत नाही.

तीन रायफली, एक कागद

एका रविवारी प्रशिक्षकांच्या परवानगीनं आम्ही तीन रायफली रेंजवर नेल्या. एक पुतण्याची, जोरदार, दुर्बीण लावलेली. दुसरी एका ओळखीच्यांकडची, मध्यम ताकदीची, साध्या नेमाची, आपल्या देशातच बनलेली. तिसरी बाबांची. ती मी माळ्यावरून काढली होती. धोतराच्या घड्यांवर धूळ होती, आत तेलाचा वास तसाच. स्प्रिंग बसली होती, दट्ट्याचं चामडं कोरडं पडून तडकलं होतं. एका जुन्या कारागिरानं दोन्ही बदलून दिलं.

प्रशिक्षकांनी भाचीला सांगितलं, "मध्यावर किती लागले ते बघू नकोस. पाच छर्रे एकमेकांच्या किती जवळ पडले, ते बघ." दहा मीटरवरच्या कागदाचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा असतो आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रे जवळ जवळ पडत असतील तर नेम सरकवून मध्यावर आणता येतात. विखुरलेल्यांना काही करता येत नाही.

पुतण्याच्या रायफलचे पाच छर्रे हाताच्या तळव्याएवढ्या जागेत पसरले. बाबांच्या रायफलचे एका रुपयाच्या नाण्याच्या थोडे बाहेर. मध्यम रायफलचेही जवळपास तेवढेच. मग प्रशिक्षकांनी तिला ती घट्ट आवळू नको म्हणून सांगितलं. पुढचा हात नुसता खाली उशीसारखा ठेवायचा, बंदुकीला तिचा झटका घेऊ द्यायचा, दरवेळी अगदी तसाच. आणि चाप ओढल्यावरही नेमातून नजर काढायची नाही, मनात "एक, दोन" म्हणेपर्यंत तसंच थांबायचं. दुसऱ्या फेरीत पाचही छर्रे नाण्याखाली झाकले गेले.

मला मनातून वाटत होतं, तिनं बाबांची रायफल निवडावी. इतक्या वर्षांनी ती खाली आली होती. भाचीनं दोन्ही पुन्हा खांद्याला लावून पाहिल्या. बाबांचीचा दस्ता तिला बोटभर लांब होता. कापून घेऊ, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, ही आजोबांची आहे. हिला कापायला नको. मला ती दुसरी आवडली. पन्नास छर्रे मारले तरी हात दुखला नाही."

आवडती रायफल म्हणजे काय, याचं उत्तर मला तिथे मिळालं. जी उद्या पुन्हा हातात घ्यावीशी वाटते, ती.

घरी आणण्याआधी

ताईची अट होती, रायफल येण्याआधी मागची आड तयार हवी. जाड लाकडी खोकं केलं, आत जुन्या गोधड्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठासून भरले, मागे जाड फळी. दगड, पत्रा, डबा यांच्यावर नेम धरायचा नाही, कारण टणक सपाट वस्तू छर्रा परत पाठवते. नेमबाजाच्या रेषेपुढे कोणीही असता कामा नये. नळी रिकामी आहे असं वाटत असलं तरी ती कोणाकडे रोखायची नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव संपला की साबणानं हात धुवायचे, मगच खाणंपिणं. रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. आणि पक्षी, खार, कुत्री यांच्याकडे चेष्टेतही नेम नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची भीती आहेच. पण कायदा नसता तरी आमच्या घरात हे चाललं नसतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ताईच्या गच्चीवर पहिला सराव झाला. तिन्ही बाजूंनी उंच कठडा, खोकं भिंतीला लावलेलं, सगळे रेषेच्या मागे. भाचीनं चष्मा लावला, नळी मोडली, छर्रा भरला. मी तिच्या शेजारी वही घेऊन उभा होतो. ताई जिन्याच्या दाराशी होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. तिच्याही डोळ्यांवर चष्मा होता, भाचीच्या शिबिरातला जुना.

भाचीनं खांद्याला रायफल लावली.

"थांब गं," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुझा चष्मा कुठाय?"

तो माझ्या खिशात होता. मी काढला आणि लावला. मग ताईनं मान हलवली, आणि भाचीनं नेम धरला.