अपघात पाम बीचवर, दावा ठाण्यात

नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर चाणक्य सिग्नलपाशी मोटारीने दुचाकीला धडक दिली की जमलेल्या गर्दीतून एक वाक्य हमखास येतं, ‘जाऊ द्या, जागेवरच मिटवून टाका.’ मोटारवाला पाच-दहा हजार काढायला तयार असतो. दुचाकीवाल्याला घरी जायची घाई असते; पाय सुजलाय, पण मोडला नसावा, असं त्यालाही वाटत असतं. दोन दिवसांनी एक्स-रेत गुडघ्याची वाटी फुटलेली दिसते. तोवर मोटारीचा नंबर कुणाकडे नसतो, आणि हाती असतो तो ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून दिलेला कागद.

अशा कागदाने भरपाईचा हक्क आपोआप बुडत नाही. पण पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद उलटतपासणीत तुमच्यासमोर धरतो. अपघाताचा दावा बहुतेक वेळा पहिल्या पंधरवड्यातल्या कागदांवर उभा राहतो किंवा पडतो, म्हणून या दिवसांबद्दल जरा सविस्तर सांगतो.

आधी रुग्णालय. 112 किंवा 108 ला फोन लावा. कोणतंही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, ‘आधी पोलीस केस करा, मग बघू’ म्हणू शकत नाही. 1989 च्या परमानंद कटारा निकालापासून हा कायदा पक्का आहे. जखमीला घेऊन येणाऱ्या वाटसरूला पोलीस साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत, त्याचं नावही बळजबरीने विचारू शकत नाहीत. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे जखमी झालेल्याला, योजनेतल्या रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. प्रवेश घेतानाच काउंटरवर हे विचारायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

डॉक्टरांना ‘पडलो’ असं सांगू नका. ‘अमुक ठिकाणी, अमुक वाजता, मोटारीने धडक दिली’ असंच सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहिलंय ना ते बघा. बऱ्याच जणांना वाटतं, पोलिसांचं झंझट नको, मेडिक्लेम आहेच, घरात पाय घसरला म्हणून सांगू. मग वर्षभराने न्यायाधिकरणापुढे पहिलाच कागद तुमच्या विरोधात बोलतो. अपघाताची नोंद झाली की रुग्णालय एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस करतं. तो एमएलसी नंबर जपून ठेवा. मेडिक्लेम वापरल्याने नुकसानही होत नाही. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ठरवलं की, मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही. हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का?

मग पोलीस. सीवूड्सचा बराचसा भाग एनआरआय सागरी पोलीस ठाण्याकडे येतो, नेरूळच्या बाजूचा नेरूळ पोलिसांकडे. हद्द कुणाची, यावर तुम्ही डोकं शिणवायचं कारण नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कोणत्याही ठाण्यात झीरो एफआयआर घेण्याची तरतूद आहे. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. जखमी रुग्णालयात असेल तर पोलीस तिथे येऊन जबाब घेतात. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

गुन्हा साधारणपणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 (बेदरकार वाहन चालवणं) आणि कलम 125 खाली नोंदवला जातो. दुखापत गंभीर असेल तर 125 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हाड मोडलं किंवा दात पडला, तरी ती कायद्याने गंभीर दुखापत. आणि पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत तरीही. जुन्या कायद्यात ही मुदत वीस दिवसांची होती. हे गुन्हे जामीनपात्र आहेत. चालक दुसऱ्या दिवशी मोकळा फिरताना दिसला म्हणून केस दाबली गेली असं समजू नका. तो खटला सरकार विरुद्ध चालक असा असतो आणि त्यातून तुमच्या हाती सहसा काही पडत नाही. तुमची भरपाई वेगळ्या वाटेने येते. चालक फौजदारीत निर्दोष सुटला तरी ती वाट बंद होत नाही, कारण तिथे ‘संशयातीत’ पुरावा लागत नाही. घडलं असण्याची शक्यता जास्त दिसली की पुरतं.

तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन दोन गोष्टी मागा. एक, सीसीटीव्ही. सिग्नलवरचे कॅमेरे असोत की समोरच्या सोसायटीचे, फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून अर्जावर तारीख आणि वेळ घालून पोच घ्या. दुसरी, घटनास्थळ पंचनाम्याची प्रत. धडक नेमकी कुठे झाली, ब्रेकचे डाग किती लांब, गाड्या कोणत्या स्थितीत होत्या, ‘चूक कुणाची’ हे त्या दोन पानांवरून ठरतं. धडक देणाऱ्या गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकलात की तिचा विमा चालू आहे का हे दिसतं.

2022 च्या मोटार वाहन नियमांनी पोलिसांना ठरावीक मुदती घालून दिल्या आहेत. 48 तासांत पहिला अपघात अहवाल, दहा दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म, नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल थेट न्यायाधिकरणाकडे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद निकालात हे नीट पाळा म्हणून बजावलं. हा अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. पण ‘पोलिसांनी पाठवला असेलच’ या भरवशावर बसू नका.

दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात. सीवूड्स ठाणे जिल्ह्यात, म्हणून ठाण्याचं न्यायाधिकरण. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. म्हणजे राहणारे सीवूड्सचे आणि अपघात पुण्याजवळ द्रुतगती मार्गावर झाला, तरी पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

आता मुदतीचं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये दाव्यासाठी सहा महिन्यांची अट आली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. त्याआधी कित्येक वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळे जुन्या माहितीवर चालणारे ‘दोन वर्षांनी टाकला तरी चालतो’ असं सांगतात. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका. पण अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. अपघाताच्या तारखेत सहा महिने मिळवा आणि त्याच्या आत अर्ज टाका.

आता पैशाची बाजू. विमा कंपनीलाही मुदत आहे: अपघाताची माहिती मिळाल्यावर तिने अधिकारी नेमून तीस दिवसांत तडजोडीची रक्कम सुचवायची असते. इथे एक खाच आहे. कलम 164 खाली, चूक कुणाची हे न पाहता, मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. रक्कम लवकर मिळते, म्हणून मोह होतो. पण ती तुम्ही स्वीकारलीत की कलम 166 चा दावा संपतो. चार टाके आणि एक साधं फ्रॅक्चर असेल, तर अडीच लाख वाईट नाहीत. कमावत्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला असेल, तर ही रक्कम घेणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. ते कसं, हे एका हिशेबाने दाखवतो.

समजा सीवूड्स पूर्वेला राहणारा 38 वर्षांचा इलेक्ट्रिशियन, स्वतःचं काम, महिना 25,000 उत्पन्न. स्वतंत्र व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीसाठी 40 टक्के मिळवायचे: 35,000. वर्षाचे झाले 4,20,000. मग गुणक. 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात 36 ते 40 वयाला 15 आहे. वय वाढत जातं तसा गुणक घटत 65 नंतर 5 वर येतो. 4,20,000 गुणिले 15 म्हणजे 63 लाख. ही पूर्ण कमाईची क्षमता. आता न्यायाधिकरणाने ठरवलं की त्याची क्षमता 30 टक्के गेली, तर 18,90,000. उपचार, पुढची शस्त्रक्रिया, मधल्या काळातला बुडालेला रोजगार, सोबतीला ठेवलेला माणूस, रिक्षाभाडं, वेदना आणि आयुष्यातल्या गमावलेल्या सुखसोयी, हे त्यावर वेगळं. अर्ज केल्याच्या दिवसापासून व्याजही. साधारण सहा ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान दिलं जातं.

ते 30 टक्के कुठून येतात, इथेच खरी लढाई असते. डॉक्टरच्या दाखल्यावर ‘उजवा पाय, 40 टक्के अपंगत्व’ असेल तर ते त्या पायाचं असतं, सबंध शरीराचं नाही आणि कमाईचं तर मुळीच नाही. 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक समजावून सांगितला: डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास पूर्ण कमाई गमावतो, सरकारी नोकरीतल्या कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. आपल्या इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढता येत नाही, हे न्यायाधिकरणाला कळलं पाहिजे. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागते आणि कामाचा पुरावा लागतो: परवाना, ग्राहकांची बिलं, बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयवर आलेले पैसे, असल्यास आयकर विवरणपत्र. काहीच नसेल तर न्यायाधिकरण बहुधा किमान वेतनाच्या आसपासचं उत्पन्न धरतं, आणि वरचा सगळा हिशेब तिथूनच आकसतो. रोखीत धंदा करणारी आपली माणसं इथे हमखास मार खातात.

सगळेच अपघात इतके सरळ नसतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर 2022 च्या हिट अँड रन योजनेखाली मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करायचा. रिक्षात बसला होतात आणि रिक्षा-मोटारीची टक्कर झाली, तर दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. आपसात कुणी किती भरायचे ते त्यांचं ते बघतील. मित्राच्या मोटारीत बसून जाताना मित्राच्याच चुकीने लागलं, तर त्याची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तरच विमा कंपनीकडे हात पसरता येतो. नुसत्या थर्ड पार्टीत खासगी गाडीतला सोबती येत नाही. स्वतः चालवताना स्वतःच दुभाजकावर आदळलात, तर एमएसीटी नाही. 15 लाखांचं मालक-चालक अपघात कव्हर आहे का ते पॉलिसीत पाहा. हेल्मेट नव्हतं किंवा सिग्नल तोडला असेल, तर तुमच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कापली जाऊ शकते, दावा मात्र सरसकट बुडत नाही. चालकाकडे लायसन्स नव्हतं, या सबबीवर कंपनीने हात झटकले, तर बहुतेक वेळा न्यायाधिकरण सांगतं, ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा.’

आणि खड्डा. पावसाळ्यात नवी मुंबईत कुणीही विचारील असा हा प्रश्न. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलं की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर सहा लाख, दुखापतीला तिच्या स्वरूपाप्रमाणे 50,000 ते अडीच लाख रुपये, रस्त्याची जबाबदारी ज्या यंत्रणेची तिने द्यायचे. त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समित्या नेमायला सांगितलं. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. गाजावाजा झालेला खड्डा बुजवायला पालिकेला कधीकधी एक रात्र पुरते.

वकिलाबद्दल थोडं. रुग्णालयाच्या दारातच ‘केस जिंकली तर अमुक टक्के’ म्हणणारा माणूस भेटला, तर दोन पावलं मागे सरा. निकालातल्या रकमेत वाटा ठरवायला भारतात वकिलांना मनाई आहे. अमेरिकेत चालतं ते इथे नाही. फी आधी ठरवा, लेखी घ्या, आणि भरपाई येणाऱ्या खात्याचे कोरे चेक कुणालाही देऊ नका. विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर घरी आला, तर बोला, पण न वाचता किंवा न कळलेल्या इंग्रजी जबाबावर सही करू नका.

दावा दोन-चार वर्षं रेंगाळू शकतो, हे गृहीत धरा. मध्ये राष्ट्रीय लोकअदालत येते तेव्हा कंपनी तडजोडीला बसते. तिथे मान्य केलेल्या रकमेवर अपील नसतं, म्हणून वरचा हिशेब स्वतः मांडून मगच होकार द्या. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं.

फी परवडत नसेल तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता, आणि इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर, वकील मोफत मिळतो. त्यासाठीचा फोन क्रमांक 15100.