शब्द कोणाचा : बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा?

सिडनीच्या मैदानावर १३ वर्षांच्या अंतराने दोन कसोटी सामने झाले आणि दोन्ही वेळा वाद पेटला तो एकाच शब्दावरून. जानेवारी २००८ मध्ये तो शब्द एका भारतीय खेळाडूने उच्चारल्याचा आरोप होता. जानेवारी २०२१ मध्ये तोच शब्द एका भारतीय खेळाडूला ऐकावा लागला. शब्द होता ‘माकड’. प्रिय वाचकहो, या दोन सामन्यांच्या दरम्यान आपली भूमिका कशी पालटली, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कारण वर्णद्वेषी भाषेविषयीची जगातली सारी चर्चा त्यात सामावलेली आहे.

प्रकरणाची सुरुवात सिडनीत झाली नव्हती. अँड्र्यू सायमंड्स हा ऑस्ट्रेलियाचा अष्टपैलू खेळाडू आफ्रो-कॅरिबियन वंशाचा. जन्म इंग्लंडमधला, दत्तक गेल्यामुळे वाढला ऑस्ट्रेलियात. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला, तेव्हा वडोदऱ्याच्या प्रेक्षकांतील काहींनी त्याला पाहून माकडाचे आवाज काढले. आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया नाकारण्याचीच होती. त्यानंतर १७ ऑक्टोबरला आपल्या मुंबईत, वानखेडे मैदानावर, तोच प्रकार घडला. या वेळी हातवारे करणाऱ्या प्रेक्षकांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली, काहींना पोलिसांनी मैदानाबाहेर काढले आणि नाकारण्यास जागा उरली नाही.

तद्नंतर अडीच महिन्यांनी सिडनीत हरभजन सिंग आणि सायमंड्स यांच्यात शाब्दिक चकमक झाली. हरभजनने आपल्याला माकड म्हटले, अशी सायमंड्सची तक्रार होती. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. भारतात संतापाची लाट उसळली आणि दौरा अर्धवट सोडण्याची भाषा सुरू झाली. अपिलाची सुनावणी न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर अ‍ॅडलेडला झाली. त्या वेळी समोरच्या टोकाला फलंदाजी करीत असलेल्या सचिन तेंडुलकरने साक्ष दिली की, त्याने ऐकले ते हिंदीतील आईवरून दिलेल्या एका शिवीचे शब्द. वर्णद्वेषी उद्गाराचा आरोप सिद्ध झाला नाही. २९ जानेवारी २००८ रोजी बंदी उठली आणि अपशब्दांबद्दल सामन्याच्या मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड झाला. आईवरून शिवी देणे हा बचाव ठरावा, याचे त्या दिवसांत फारसे कोणाला वैषम्य वाटल्याचे स्मरत नाही!

हरभजन नेमके काय म्हणाला, हे आज ठरविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. अधिक बोलका आहे तो त्या दिवसांतील आपला युक्तिवाद. आपल्याकडे मारुतीची मंदिरे आहेत, आई स्वतःच्या लेकराला लाडाने ‘माकडा’ म्हणते, मग हा शब्द अपमानाचा कसा, असे अनेक सुशिक्षित मंडळी गंभीरपणे विचारत होती. प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या गावात ठरतो तसा ऐकणाऱ्याच्या इतिहासातही ठरलेला असतो.

तो इतिहास असा. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोतील तरुणाला माकडांच्या इमारतीत, एका ओरांगउटानसोबत, प्रदर्शनार्थ ठेवण्यात आले होते. माणूस आणि वानर यांच्यामधली पायरी म्हणून लोक त्याला पाहावयास येत. शहरातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी निषेधाचा आवाज उठविल्यावर ते प्रदर्शन थांबले. ओटा बेंगाची पुढे सुटका झाली. परंतु मायदेशी परतण्याची आशा मावळल्यावर १९१६ मध्ये त्याने स्वतःचे जीवन संपविले. आफ्रिकी वंशाच्या माणसाला ‘माकड’ म्हटले जाते, तेव्हा त्याच्या कानी हे सारे पडते. आपल्या मारुतीरायाचा तेथे संबंध येत नाही.

जून २०२० मध्ये हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर आला. अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यानंतर जगभर निदर्शने चालू होती. त्या सुमारास वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने सांगितले की, आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना त्याला ‘कालू’ या नावाने हाक मारली जात असे. या शब्दाचा अर्थ ‘बलदंड’ असा काहीतरी असावा, अशी त्याची समजूत होती. म्हणून तोही हसत असे. खरा अर्थ त्याला काही वर्षांनी कळला. मग संघातील एकाने त्याच्याशी बोलून आपण ते प्रेमाने म्हणत होतो असे सांगितले आणि सॅमीने विषय वाढविला नाही. हेतू वाईट नव्हता, हे मान्य करू. मात्र इतकी वर्षे ज्याला त्या हाकेचा अर्थच कोणी सांगितला नाही, त्याच्या हसण्याला संमती म्हणता येईल काय?

त्यानंतर सातच महिन्यांनी सिडनी. मोहम्मद सिराज सीमारेषेवर क्षेत्ररक्षण करीत असता प्रेक्षकांतून शिव्या आल्या. पुढे एका मुलाखतीत त्याने सांगितले की, आपल्याला ‘काळे माकड’ म्हटले गेले. पहिल्या दिवशी दारूच्या नशेतले लोक म्हणून दुर्लक्ष केले, दुसऱ्या दिवशी पंचांकडे गेलो. १० जानेवारी २०२१ रोजी खेळ काही मिनिटे थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय देऊ केला होता. कर्णधार अजिंक्य रहाणेने खेळणे पसंत केले. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने चौकशीअंती वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याचे मान्य केले (बाहेर काढलेले ते सहा जण मात्र दोषी नव्हते, असेही त्या चौकशीत निष्पन्न झाले). या वेळी भारतात कोणीही मारुतीच्या मंदिरांचा दाखला दिला नाही. तो शब्द काय करतो, हे आपणांस एका क्षणात समजले.

आणि घरात? मराठीतला ‘हबशी’ हा शब्द घ्या. अरबीतील ‘हबश’ म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचे इथिओपिया. हबशी म्हणजे तेथला माणूस. गुलाम म्हणून विकला गेलेला असाच एक हबशी, मलिक अंबर, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने वसविलेली खडकी पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. असा हा शब्द आपण काळ्याकभिन्न माणसाला हिणविण्यासाठी वापरीत आलो.

सेमिनरीत आमच्या वर्गातील एका सहाध्यायाला आम्ही याच नावाने हाक मारीत असू. मीही मारली. तो हसे. धर्मगुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आम्ही पुन्हा एकत्र जमलो असता कोणीतरी जुन्या सवयीने तीच हाक दिली. रात्री जेवणानंतर तो मला म्हणाला, “माझी आई एकदा भेटायला आली होती ना, तेव्हा दारावरच्या मुलाने आत ओरडून सांगितले, हबशीची आई आली. तिने परत जाताना मला विचारले, तुला इथे असे म्हणतात का रे?” मी क्षमा मागितली. “तू एकटाच होतास थोडाच,” असे म्हणून त्याने विषय बदलला.

संपादक या नात्याने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने आपल्या नावातील ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. डबीवरचे नाव बदलले, गिऱ्हाईक तेच राहिले. आमच्याकडे विवाहविषयक स्तंभासाठी येणाऱ्या मजकुरात ‘गोरी’, ‘उजळ वर्णाची’ हे शब्द आजही शिक्षणाच्या आधी लिहिलेले असतात. वर्णाचा उल्लेख आम्ही आता गाळतो. त्यावरून दोन पालकांचे फोन आले. एकांना कारण पटले. दुसऱ्यांनी पैसे परत मागितले व ते त्यांना देण्यात आले.